डोंगराच्या रविवारआधी

त्या दुपारी नाब्लानं सुनेला दार लावून घ्यायला सांगितलं, आणि सोरखा भांडं हातात धरून तशीच उभी राहिली. लग्न होऊन आठ वर्षं झाली होती तिला, पण जेवणाच्या वेळी या घराचं दार लागलेलं तिनं एकदाही पाहिलं नव्हतं.

आमच्या ड्रमकील गावात जेवताना दार लावत नसत. बटाटे उकडले की भांडं उंबऱ्याशी आणायचं, त्याच्या तोंडावर फोकांची पाटी धरून पाणी निथळायचं, आणि ती पाटी तशीच भांड्यावर ठेवून भोवती बसायचं. मध्ये मीठ, हाताशी ताक. रस्त्यानं कुणी जाताना दिसला की त्याला हाक मारायची. तो म्हणायचा, पोट भरलंय माझं. आपण म्हणायचं, खोटं बोलू नकोस. मग तो बसायचा आणि आपल्यापेक्षा चार बटाटे जास्तच खायचा. घरात बटाट्यावर लावायला काही नसलं तरी कुणाचं अडत नसे. खारवलेला एखादा मासा आढ्याला टांगून ठेवायचा, घास त्याला लांबून दाखवायचा आणि तोंडात टाकायचा. मासा महिनाभर पुरायचा. दार लावून जेवणाऱ्याबद्दल मात्र गाव एकच म्हणायचं, की याच्या भांड्यात चोरीचं तरी शिजलंय नाही तर लाजेचं.

"कशापायी वो आत्याबाई?" सोरखानं विचारलं. "धुरानं जीव घाबरा हुईल."

"लाव म्हनलं ना. बार्बरी झऱ्यावरनं येईल एवढ्यात. तिला काय दावायचं हाय?"

शेजारीण झऱ्यावरून परतायच्या आत सोरखानं दार लावलं. भांड्यात दाखवण्यासारखं खरंच काही नव्हतं. ओटच्या शेतातली रानमोहरी उपटून आणलेली, तिच्यात मूठभर पीठ भुरभुरवलेलं, बाकी पाणी. रानमोहरी खाल्ली की दोन दिवसांत माणसाचं तोंड पिवळं पडतं, तेव्हा दार लावून तरी काय झाकणार होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, हा नाब्लाचा जन्माचा बाणा होता.

जुलै हा आमच्याकडचा उपाशी महिना. जुने बटाटे कोंब येऊन सुरकुततात आणि एक दिवस कोपऱ्यातल्या ढिगाऱ्यात हाताला नुसती माती लागते. नवे बटाटे घरामागच्याच वरंब्यात असतात. झाडं कमरेएवढी, वर पांढरी फुलं, खाली पिकत आलेलं अन्न, आणि आपण त्याच्याकडे बघत पाणी प्यायचं. या घरातले जुने बटाटे आदल्याच दिवशी संपले होते. शेवटी शेवटी तर सोरखा ते अर्धेकच्चे उकडायची. त्याला 'आत हाड ठेवणं' म्हणत. कच्चा गाभा पोटात जड बसतो, लवकर पचत नाही, तेवढीच भूक लांबते. आता हाडही उरलं नव्हतं. गाय आटलेली होती. सोरखाचा नवरा कोलमन जूनमध्येच कापणीच्या कामाला समुद्रापलीकडे स्कॉटलंडात गेला होता, तो परतायचा सप्टेंबरात. जाताना सोरखाला एवढंच म्हणाला होता, की आई सांगेल तसं कर.

आणि आई सांगत होती, की डोंगराच्या रविवारआधी वरंब्याला हात लावायचा नाही.

हा रविवार म्हणजे जुलैचा शेवटचा. त्या दिवशी सगळं गाव डोंगरावर चढायचं, पोरंसोरं जांभळी रानफळं खाऊन तोंडं रंगवायची, म्हातारे वर बसून प्रार्थना म्हणायचे. खाली उतरल्यावर घरच्या कर्त्या माणसानं पहिलं झाड उपटायचं. त्या संध्याकाळी पाटीत डोंगराएवढी रास, आणि एरवी बाजारात जाणारं लोणी त्या एका दिवशी घरच्यांच्या बोटांवरून ओघळायचं. त्याच्या आधी जो खणेल त्याचं पीक नासतं, असं जुनी माणसं सांगत. ते खरं असो नसो, पण त्या घरच्या पुरुषाला बायको पोसता येत नाही असं सगळं गाव म्हणायचं, आणि ते मात्र नक्की खरं होतं.

नाब्ला तर त्याला बाळंतपणाआधी पोट फाडणं म्हणायची. एकोणीस वर्षांपूर्वी शेजारची बार्बरी नवी नवरी होती. पोटात पोर, भूक आवरेना, म्हणून बिचारीनं रविवारच्या आठवडाभर आधी ओचाभर बटाटे काढले. नाब्लानं दगडी बांधावरून ते पाहिलं आणि भर रस्त्यात तिला उतावळी म्हटलं. शब्द चिकटला. घराचं नाव उतावळ्यांचं घर पडलं. बार्बरीला मुलगा झाला तेव्हा बारशाला लोकांनी विचारलं, हा तरी दिवस भरून आला का. त्या वेळी सगळ्यात मोठ्यानं नाब्लाच हसली होती.

आता तिच्या तोंडावर दार लावायची पाळी नाब्लावर आली होती.

त्या दिवसापासून दार रोज लागू लागलं. सोरखाला सासूचा राग यायचा आणि दयाही यायची. म्हातारी जेवायला बसली की दोन घास घ्यायची, 'झालं माझं' म्हणायची आणि आपलं भांडं नातीकडे सरकवायची. नात बेव्हीन सहा वर्षांची होती. तिला वाटायचं आज्जीला खरंच भूक लागत नाही. सोरखाला मात्र दिसत होतं. म्हातारीची मनगटं काटकीसारखी झाली होती आणि पाय मात्र सुजले होते. दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी ती चुलीपाशी उठायला गेली आणि खाली बसली, पडली असं तिनं कबूल केलं नाही. सोरखानं दुसरे मार्ग काढून पाहिले. लांबच्या गावी, जिथं कुणी ओळखत नाही तिथं बेव्हीनला घेऊन मागायला जाते म्हणाली. उपाशी महिन्यात कितीतरी बायका तसं करत. नाब्ला म्हणाली, नवरा जित्ता असताना भीक मागनार? बार्बरीकडं विचारते म्हटलं, तर म्हातारीनं तोंडच फिरवलं.

गुरुवारी दुपारी सासूचा डोळा लागला तशी सोरखा घरामागे गेली. ऊन पडलं होतं, आदल्या रात्रीच्या पावसानं माती भुसभुशीत झाली होती. बार्बरीच्या घराचं दार बंद दिसलं तेव्हा तिला बरंच वाटलं, बाई घरात नाही म्हणजे बघणारं कुणी नाही. फावडं तिनं आणलंच नव्हतं. वरंब्याच्या कडेनं तिनं हात आत घातला, बसलेल्या कोंबडीखालचं अंडं काढावं तसा. मुळांमधून बोटं चाचपत गेली आणि पहिला बटाटा हाताला लागला. झाड न हलवता तिनं तो तोडून घेतला. एकेका झाडाखालून एक, असे नऊ काढले. लहानच होते. माती पुन्हा थापली, वर वाळका पाला पसरला, आणि ओचा धरून ती घरात आली. आपण चोरी केली असं तिला वाटत होतं, स्वतःच्याच शेतात.

भांडं उकळायला लागलं तशी म्हातारी जागी झाली. नव्या बटाट्याचा वास लपत नाही. तो सगळ्या घरात होतो, कपड्यांना लागतो.

"कुटनं आनलंस?" नाब्लानं पडल्या पडल्या विचारलं.

"बार्बरीनं दिलं."

"बार्बरीचं माज्या आदी संपलंय. हात दाव."

सोरखानं हात पुढे केले. नखांत काळी माती होती. म्हातारीनं ती बराच वेळ पाहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"रविवार किती दिसावर हाय?"

"तीन."

"मंग तीन दिसांत काय मरतीया व्हय मी?"

"व्हय, मरशाल," सोरखा म्हणाली. आठ वर्षांत ती सासूला असं बोलली नव्हती. "पायाकडं बगा जरा. बोट दाबलं तर खड्डा तसाच ऱ्हातोय. खावा, आत्याबाई. म्या कुनाला सांगत न्हाई."

"सांगायला कशाला पायजे? एकोनीस वर्सं ती बाई माज्या म्होरनं मान खाली घालून जातीया. तिच्या पोटात लेकरू व्हतं. मला दिसत व्हतं ते, तरी म्या बोलले. आन् आता म्याच ते खाऊन रविवारी डोंगरावर तिच्या म्होरं कुटल्या तोंडानं बसू?"

"तिला कसं कळंल?"

"मला कळंल की."

सोरखानं बटाटे पाटीत ओतले आणि पाटी म्हातारीच्या अंथरुणाशी ठेवली. बेव्हीन आधीच येऊन बसली होती, पण हात मांडीखाली दाबून, कारण घरात काहीतरी चुकीचं चाललंय एवढं तिला कळत होतं.

"पोरीला दे," नाब्ला म्हणाली. "लेकराला रविवार न्हाई आन् सोमवार न्हाई. तू बी खा. तू परक्या घरची, तुजं कोन मनावर घेतंय. म्या खाल्लं न्हाई म्हंजी घरानं खाल्लं न्हाई."

बेव्हीननं खाल्लं. बोटं भाजत होती तरी थांबली नाही. सातवा बटाटा हातात घेतल्यावर तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं तो आज्जीच्या तोंडापाशी नेला.

"आज्ये, ह्यो लई ल्हान हाय. ह्यो चालंल."

म्हातारीनं तिच्या हाताचा मुका घेतला आणि दात दुखतोय म्हणाली. तिच्या तोंडात तेव्हा तीन दात होते.

सोरखानं स्वतः एकही खाल्ला नाही. घास तोंडापर्यंत नेला की म्हातारीची नजर आडवी यायची. उरलेले दोन तिनं झाकून ठेवले आणि शुक्रवारी ते कुस्करून रानमोहरीत मिसळले. चमच्यानं भरवायला बसली. नाब्लानं पहिला घास घेतला, तोंडात तसाच धरला, मग ओंजळीत काढला आणि सुनेच्या हातावर ठेवला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसली बाई होती. त्या संध्याकाळी तिनं फक्त पाणी मागितलं. कोलमन लहानपणी बटाटा सोलायला अंगठ्याचं नख कसं वाढवायचा आणि तिनं ते कापलं की कसा रडायचा, हे तिनं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना मधेच विसरली. सोरखा तिचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन बसली होती. आणखी एक दिवस काढा म्हणून ती मनातल्या मनात विनवत होती, म्हातारीला की देवाला ते तिलाही कळत नव्हतं.

शनिवारी सकाळी बेव्हीननं आज्जीला उठवायला हात धरला, तो गार होता.

सोरखाला आधी राग आला. असा राग, की त्या मेलेल्या बाईला खांदे धरून गदागदा हलवावं. एक दिवस थांबायचं होतं, उद्या तर रविवार होता. मग ती अंथरुणाच्या कडेला बसून मोठ्यानं रडली. तिचा आवाज ऐकून बार्बरी धावत आली. मागोमाग खालच्या आळीची विनी आली. बायकांनी म्हातारीला धुतलं, स्वच्छ लुगडं नेसवावं तशी पांढऱ्या चादरीत गुंडाळून फळीवर निजवलं, हातात जपमाळ दिली. सोरखाला कुणी काही करू दिलं नाही. ती चुलीशेजारी भिंतीला टेकून बसली. त्या दिवशी घराचं दार उघडंच राहिलं, मयताच्या घराचं दार लावत नाहीत.

मयताच्या घरी शेजाऱ्यांनी अन्न आणायचं, ही रीत आहे. घरच्यांनी चुलीशी जायचं नाही, आणि आल्यागेल्याला उपाशी धाडायचं नाही. दुपार होईतो बायका आपापल्या घरी जाऊन परत आल्या. प्रत्येकीच्या कमरेवर पाटी, पाटीवर फडकं. पहिली बार्बरीच होती. तिनं पाटी चुलीपाशी ठेवली, फळीजवळ गुडघे टेकले, प्रार्थना म्हटली. मग विनी आली, मग विनीची जाऊ, मग गिरणीवरची, मग झऱ्याकडची. पाच पाट्या ओळीनं मांडल्या गेल्या. पुरुष मंडळी भिंतीच्या कडेनं चिलमी घेऊन बसली. कुणीतरी म्हणालं, पोरीला आधी वाढा.

बार्बरीनं फडकं काढलं. मग बाकीच्यांनीही काढलं.

पाचही पाट्यांत बटाटे होते. साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, ठिकठिकाणी उलून गुंडाळी झालेली, आतला गर पिठूळ पांढरा. जुन्याची साल अशी कधी नसते. नवे बटाटे, पाचही पाट्यांत, आणि वार शनिवार.

बायका एकमेकींच्या पाट्यांकडे बघत होत्या, तोंडाकडे कुणीच बघत नव्हतं. विनीचा नवरा खोकला आणि बाहेर गेला.

"कवा काढलं ह्ये?" सोरखानं विचारलं.

"आज सकाळी," बार्बरी म्हणाली. "घरात दुसरं काय न्हवतं गं. मयतासाठी काढलेलं माफ असतंय."

"आन् कालपातूर काय खात व्हतीस?"

बार्बरीकडे पाहून सोरखाला पहिल्यांदाच एक गोष्ट दिसली. बार्बरीचं तोंड पिवळं नव्हतं. विनीचंही नव्हतं. बारा दिवस दाराआड बसल्यामुळे तिनं कुणाचं तोंड नीट पाहिलंच नव्हतं.

"ह्येच खात व्हते," बार्बरी शेवटी म्हणाली. "पंधरा दिस झालं. वरंब्याच्या कडंनं हात घालून. दार लावून."

"तू, विने?"

विनीनं मान खाली घातली. तिच्या जावेनं फडक्याची घडी घालायला घेतली, ती मोडली आणि पुन्हा घातली. गिरणीवरची हळूच म्हणाली, "घरोघरी मातीच्या चुली, सोरखे. कुनाला कुनाचं ठावं न्हवतं एवडंच."

"मला वाटलं, म्याच एकटी उतावळी," बार्बरी म्हणाली. "पयल्यापासनंच हाय मी. तुमच्या म्हातारीची लई भीती वाटायची. तिनं नुसतं तोंडाकडं बगितलं असतं तरी वळखलं असतं. मंग तुमचं दार लागलेलं दिसलं. म्हनलं, म्हातारीला कळलं, आता तिला माजं तोंड बी बगायचं न्हाई. म्हनून आले न्हाई गं. घरावरनं जाताना बी पाय उचलून जायची."

"तुज्यासाठीच लावलं व्हतं दार," सोरखा म्हणाली. "आमी रानमोहरी खात व्हतो. ती भ्यायची तुला."

"मला?"

"तुज्या म्होरं कुटल्या तोंडानं बसू, म्हनायची. तुज्या पोटात लेकरू व्हतं ते दिसत व्हतं मला, तरी म्या बोलले, म्हनायची."

बार्बरी फळीपाशी बसली. एकोणीस वर्षं जे ऐकायची तिनं वाट पाहिली होती ते तिला आता ऐकायला मिळालं होतं, आणि बोलणारी बाई हातभर अंतरावर फळीवर पडली होती. तिनं म्हातारीच्या चादरीचं टोक धरलं. एक हाक मारायची होती गं बये, ओचाभर आणून टाकले असते, असं काहीतरी ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. हाक कुणी मारायची आणि कुणाला, ते आता सांगून काय उपयोग होता. सगळ्या ड्रमकीलात रविवारपर्यंत थांबणारी एकच बाई निघाली, आणि तिच्या धाकानं बाकीचं गाव लपून जेवत होतं. पोटभर जेवत होतं, हे सोरखाला जास्त लागलं.

पण मयताच्या घरी अन्न परत नेत नाहीत. थोड्या वेळानं पाट्या मध्ये ओढल्या गेल्या, मीठ आलं, कुणीतरी ताक आणलं. बेव्हीन केव्हाच बसली होती. पुरुष हळूहळू चुलीकडे सरकले. आधी खालच्या मानेनं, मग सरळ बसून सगळे खाऊ लागले, कारण आता कुणापासून लपवायचं राहिलं नव्हतं.

सोरखा खाणार नव्हती. तिनं मनाशी ठरवलंच होतं, या घरातलं कुणीतरी उद्यापर्यंत थांबलं पाहिजे. बार्बरीनं एक बटाटा सोलला, मिठात टेकवला आणि तिच्या हातावर ठेवला. तो ऊन होता. सोरखानं फळीकडे पाहिलं. मग तिच्या हातानं तिला न विचारताच तो तोंडाशी नेला. गर जिभेवर फुटला आणि तिच्या कानशिलांपर्यंत कळ गेली, इतक्या दिवसांनी जबडा हलत होता. तिनं दुसरा घेतला, तिसरा घेतला. सालीसकट खाल्ले. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं, सगळे मुद्दाम दुसरीकडे बघत होते. सासूच्या पायाशी बसून तिनं सात बटाटे खाल्ले. चव गोड होती, जन्मात चाखली नव्हती इतकी गोड, आणि त्याचंच तिला रडू आलं. रडत रडतच तिनं आठवा उचलला.